माणूस संपणार नाही, मग काळजी कशाला?

हवामान बदलाचा विषय निघाला की आपल्याकडे साधारण दोन प्रकारची माणसं तावातावाने बोलायला लागतात आणि गंमत म्हणजे दोघंही शेवटी एकाच ठिकाणी येऊन बसतात. पहिले म्हणतात, अहो पृथ्वीवर असले बदल कायमच होत आलेत, हिमयुगं आली नि गेली, माणूस कुठेही तग धरतो, कशाला उगाच डोक्याला ताप. दुसरे म्हणतात, आता काही खरं नाही, सगळं हाताबाहेर गेलंय, अजून पन्नास वर्षांत माणूसच शिल्लक नसणार, मग पोरं तरी कशाला जन्माला घालायची. पहिला काही करत नाही कारण गरज नाही, दुसरा काही करत नाही कारण उपयोग नाही. आणि दोघंही संध्याकाळी एसी लावून निवांत झोपतात.

मला विचाराल तर "माणूस टिकेल का" हा प्रश्नच मुळात बिनकामाचा आहे. टिकेल की. आठ अब्ज आहोत आपण, लडाखपासून राजस्थानपर्यंत कुठेही संसार थाटतो, शास्त्रज्ञांचे जे काही मोठे अहवाल येतात त्यातही कुठे माणसाची जात नष्ट होईल असं लिहिलेलं नाही. जात म्हणून संपायचीच भीती घालायची असेल तर जगात बारा हजारांच्या आसपास अणुबाँब आहेत त्यांची घाला. पण टिकणं ही इतकी खालची पट्टी आहे की तेवढ्यावर समाधान मानायचं असेल तर मग हॉस्पिटलं, धरणं, शाळा, पेन्शन हे सगळं कशाला केलं, त्याशिवायही माणूस टिकलाच होता ना दोन-तीन लाख वर्षं.

आधी पहिल्या मंडळींचं बघू. निसर्गात बदल होतच असतात हे शंभर टक्के खरंय आणि त्याचा पुरावा तर आपल्या पायाखालीच आहे, हा अख्खा सह्याद्री, रायगड, राजगड, हरिश्चंद्रगडाचा कडा, हे सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास थरावर थर वाहत आलेल्या लाव्ह्याचा दगड आहे. डायनासोर गेले तेही त्याच सुमारास. पृथ्वीला काय झालं त्याने? काही नाही. पण पृथ्वीची काळजी करतंय कोण, आपण आपली करतोय. आणि मुद्दा वेगाचा आहे हे लोक विसरतात किंवा सोयीने विसरतात. शेवटचं हिमयुग सरताना पृथ्वीचं सरासरी तापमान पाचेक अंश वाढलं आणि त्याला साधारण दहा हजार वर्षं लागली. आपण दीडशे वर्षांत सव्वा अंशाच्या वर गेलोय, त्यातला मोठा भाग गेल्या पन्नास वर्षांतला, २०२४ हे तर दीड अंशाची रेघ ओलांडणारं पहिलं अख्खं वर्ष ठरलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखाने यायच्या आधी दहा लाख भागांत २८० होता तो आता ४२० च्या पुढे आहे. कुणीतरी हमखास म्हणतं की एक ज्वालामुखी फुटला की माणसाच्या शंभर वर्षांचा धूर एका दिवसात निघतो. साफ खोटं. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात त्याच्या पन्नास ते शंभर पट आपण सोडतो. आणि हे काही कालपरवा कुणी फंड मिळवायला काढलेलं शास्त्र नाहीये, कार्बन डायऑक्साइड वाढला की तापमान किती वाढेल याचं पहिलं गणित अरेनियस नावाच्या स्वीडिश माणसाने १८९६ ला मांडलं, म्हणजे मुंबईत प्लेग आला त्या वर्षी.

आता "माणूस तग धरतो" म्हणजे नक्की काय होतं ते बघायला लांब जायला नको. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून पुढे दहा-पंधरा वर्षं उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी त्यात होती. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराला तिथे शेतकऱ्यांची वस्ती सुरू झाली. भरभराटीच्या काळात ऐसपैस चौकोनी घरं, एक तर चक्क पाच खोल्यांचं, बहुधा गावप्रमुखाचं, त्याला लागून धान्याचं कोठार, नदीच्या पुराचं पाणी वळवून घ्यायला चर खणलेला, वर बांध घातलेला. दगावलेली लहान मुलं ते दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे, म्हणजे आपल्यासारखीच माणसं हो, पोर दूर ठेवायचं नाही म्हणणारी. मग इसवी सनापूर्वी १००० च्या पुढचे थर उकरले तर चित्रच पालटलेलं. चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या. गव्हाची शेती आटलेली, शिकारीवरचा भर वाढलेला, भांडीसुद्धा हलक्या प्रतीची. आणि ७०० च्या आसपास गाव ओस. ढवळीकरांनी याचं कारण पाऊसमान घटणं हे मांडलं, सगळ्याच अभ्यासकांना ते पूर्ण मान्य आहे असं नाही, पण जमिनीत काय सापडलं यावर वाद नाही. ती माणसं काही एका रात्रीत मेली नाहीत. झोपडीत राहिली, जे मिळेल ते खाल्लं, पांगली, त्यांचे वंशज कदाचित आपल्यातच असतील. जात टिकली म्हणाल तर टिकली. पण पाच खोल्या आणि कोठारावरून गोल झोपडीत येणं याला तुम्ही "काही झालं नाही" म्हणणार असाल तर मग आपलं बोलणंच खुंटलं.

इनामगावकरांना बिचाऱ्यांना पुढे काय येतंय हे कळायचा मार्ग नव्हता, आपल्याला आहे. आणि आधीपासून केलेली काळजी कामाला येते याचा महाराष्ट्रातलाच दाखला द्यायचा तर बहात्तरचा दुष्काळ. आमच्या पिढीने तो ऐकलाय फक्त, सुकडी, अमेरिकेची ती लाल मिलो ज्वारी, खडी फोडणाऱ्या बाया आणि पाझर तलाव. पण त्यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, पाऊस सलग दोन-तीन वर्षं गेला, पिकं बुडाली, जनावरं मेली, तरी १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये जशी लाखो माणसं उपाशी मेली तसं झालं नाही. कारण सरकारने जागोजागी कामं काढली, १९७३ च्या उन्हाळ्यात तर जवळपास ५० लाख माणसं एका वेळी दुष्काळी कामांवर होती. आणि दुष्काळ सरल्यावर "चला सुटलो" म्हणून हात झटकले नाहीत. वि. स. पाग्यांनी आधीपासून लावून धरलेली रोजगार हमी योजना पुढे नेली, १९७७ ला कायदा केला, १९७९ पासून तो लागू झाला, आणि पैसा कुठून आणायचा तर त्यासाठी १९७५ ला व्यवसाय कर बसवला. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला पीटी म्हणून दोनशे रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत तीनशे, तो हाच. कितीतरी लोकांना वीस-वीस वर्षं नोकरी करून हा कशाचा कापतात ते माहीत नसतं! नाशिकच्या कारखान्यातल्या फिटरपासून नरिमन पॉइंटच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांकडून महिन्याला थोडे थोडे घेऊन माणच्या, जतच्या, बीडच्या माणसाला काम द्यायचं, अशी ती योजना. त्यात भ्रष्टाचार झाला नाही का, झाला, मस्टरवर खोटी नावं लागली, मजुरी महिनोन्महिने रखडली, सगळं झालं. तरी २००५ ला केंद्राने कायदा केला तो बराचसा याच धर्तीवर.

मला काळजी म्हणजे हे अपेक्षित आहे. रात्री झोप उडणं नाही, फेसबुकवर जळत्या पृथ्वीचे फोटो टाकणं तर नाहीच. काळजी पगाराच्या स्लिपवर दिसली पाहिजे.

ओडिशाचं उदाहरण तर याहून ठसठशीत. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या घरात माणसं गेली. त्यानंतर त्यांनी निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले, इशारा आला की कुठल्या शाळेत कोणी जायचं, म्हाताऱ्यांना कोण उचलून नेणार हे आधीच ठरवून टाकलं. २०१३ ला फायलिन आलं तेही भयानक होतं, पण आधीच दहा लाखांच्या आसपास लोक हलवलेले असल्यामुळे मृत्यू पन्नासच्या आत राहिले. आता यावर पहिल्या गटातला माणूस काय म्हणेल सांगू? "बघा, एवढा गाजावाजा केला, काय झालं? काहीच नाही." ओझोनच्या छिद्राबद्दलही हेच बोलतात, शाळेत किती घाबरवलं होतं, कुठे गेलं ते छिद्र. अरे बाबा १९८७ ला माँट्रियलला करार झाला, ते फ्रिजमधले वायू जगाने बंद करत आणले म्हणून ते भरत चाललंय. वाय टू के चंही तेच, २००० साल उजाडताना कॉम्प्युटर तारखेत घोळ घालतील अशी भीती होती, आपली हजारो पोरं रात्र रात्र बसून कोड दुरुस्त करत होती म्हणून एक जानेवारीला बँका चालू राहिल्या. वेळेत केलेल्या कामाचा पुरावा हाच की काही घडत नाही, त्यामुळे ते करणाऱ्यांच्या नशिबी कायम बावळट ठरणं येतं.

दुसऱ्या गटाबद्दल, म्हणजे सगळं संपलं म्हणणाऱ्यांबद्दल, मला थोडी सहानुभूती आहे कारण त्यांना निदान आच तरी आहे. पण त्यांचं गणित जुनं झालंय. दहा-पंधरा वर्षांपूर्वी शतकाच्या शेवटी चार अंशांची वगैरे भाषा चालायची, आता ज्या धोरणांवर जग चाललंय तीच चालू राहिली तर अडीच ते तीन अंशांच्या मधे कुठेतरी जाईल असे अंदाज आहेत. हे चांगलं नाहीये, वाईटच आहे, पण चार आणि अडीच यात कोट्यवधी माणसांचा फरक आहे. सोलर पॅनेल एवढे स्वस्त झाले की २०२५ ला भारतातल्या वीज क्षमतेचा निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून इतर गोष्टींचा झाला. आता क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी, रात्री चंद्रपूरच्या कोळशावरच पंखा फिरतो हे मला माहितीये, पण दिशा बदलतीये. प्रत्येक पाव अंशाला किंमत आहे. हे असं नाही की दीड अंशाला एक दार बंद झालं आणि आता कुठेही गेलो तरी सारखंच.

बरं, हे सगळं जगाचं झालं. आपल्याकडे काय होतंय ते आपल्याला दिसतंच पण आपण ते वेगवेगळ्या बातम्या म्हणून वाचतो. हवा एक अंश तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते पडतं तेव्हा एकदम पडतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ ला दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकूण पावसाळी पाऊस कमी होत असताना मोठ्या भागावरच्या अतिवृष्टीच्या घटना मात्र तिपटीने वाढल्या. म्हणजे शेतकऱ्याला दोन्हीकडून मार, तीन आठवडे आभाळ कोरडं आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर, त्याच दिवशी चिपळूण बुडालं, तळियेवर डोंगर आला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ज्या मराठवाड्यात २०१६ ला लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं तिथे शेतातली माती वाहून गेली. पीक गेलं तर पुढच्या वर्षी घेता येतं, माती गेली तर काय घेणार.

इथे एक गोष्ट मला फार खटकते आणि ती काळजी करणाऱ्यांनीही मान्य करायला हवी. हवामान बदल हे आता पुढाऱ्यांचं आणि बिल्डरांचं लाडकं निमित्त झालंय. नाला तुंबला की "ढगफुटी झाली". पूररेषेत सोसायटी उभी राहिली, पाणी शिरलं, की "निसर्गापुढे कुणाचं चाललंय". २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे खरंच, तेवढ्याला जगातलं कुठलंच शहर पुरं पडलं नसतं, पण मुंबईची गटारं तेव्हा तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली होती, ती वाढवायचा ब्रिमस्टोवॅडचा अहवाल १९९३ पासून पडून होता, आणि मिठी नदीचं काय करून ठेवलं होतं ते वेगळं सांगायला नको. पश्चिम घाटाचं तसंच. घाट कसा जपायचा हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, मग तो जड जातोय म्हणून कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, मग घाटातला संवेदनशील भाग ठरवायच्या अधिसूचनेच्या मसुद्यावर मसुदे, सहावा मसुदा निघाला २०२४ च्या जुलैअखेरीस, म्हणजे वायनाडला दरड कोसळून शेकड्यांनी माणसं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात आपल्याकडे माळीण झालं, तळिये झालं, इर्शाळवाडी झाली. तहान लागल्यावर विहीर खणतात म्हणतात, आपण तर तहानेने माणूस गेल्यावर विहिरीच्या जागेची पाहणी करतो.

आणि मार बसतो कुणाला तेही बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या किनाऱ्यावरून गेलं, अरबी समुद्र तापतोय तशी ही वादळं आपल्याकडे वाढतायत. श्रीवर्धनकडच्या वाड्या ज्यांनी आधी बघितल्यात त्यांना कळेल, घराच्या मागे पाऊल टाकलं की थेट गारवा, वर नारळ, मधे पोफळी इतक्या दाट की दुपारचं ऊन खाली पोचत नाही, खाली जायफळ, मिरीचे वेल, केळी, पाटाचं पाणी. काही तासांत पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. पोफळीचं रोप लावून पहिली सुपारी हातात यायला सात-आठ वर्षं जातात, नारळाचंही थोडंफार तसंच. तरण्या माणसाने पुन्हा लावली तर चाळिशीत उत्पन्न चालू, पण वाडी सांभाळायला घरी होतं कोण, तर सत्तरीतले आईवडील, मुलगा तर विरारला. मदत जाहीर झाली ती हेक्टरी, आणि वाड्या गुंठ्यांत. हे कुटुंब संपलं का? नाही, आहेत, सगळे जिवंत आहेत. फक्त जे वर्षानुवर्षं आपल्या पायावर होते ते आता मुलाच्या मनिऑर्डरीवर, म्हणजे गूगल पे वर, आहेत.

उन्हाचंही असंच. आपल्याला वाटतं ऊन म्हणजे चंद्रपूर-अकोल्याचे सत्तेचाळीस अंश, तिथली माणसं सरावलेली असतात, बाकीच्यांना काय. पण १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उघड्यावर बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने गेले तेव्हा तापमान अडतिसाच्या आसपास होतं. अडतीस! आकडा वाचून कुणी छत्रीही घेतली नसती. समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीराला थंड व्हायला दुसरा मार्ग नाही, मग तुम्ही कितीही काटक असा. त्यात पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला रात्रीही सुटका नाही, दिवसभर तापलेला पत्रा आणि शेजारच्या इमारतीच्या एसींचे गरम हवेचे फवारे, मध्यरात्री पोरांना घेऊन बायका ओट्यावर बसलेल्या दिसतात, आणि सकाळी सातला त्याच बाईला कुणाच्या तरी घरी भांड्याला जायचं असतं. तिचं रोज थोडं थोडं झिजणं कुठल्याच मृत्यूच्या आकड्यात येत नाही. अहमदाबादने २०१० च्या लाटेनंतर २०१३ ला उष्णतेचा आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला, त्यात फार काही रॉकेट सायन्स नव्हतं, आधी इशारा, हॉस्पिटलात तयारी, पाण्याची सोय, पुढे झोपड्यांच्या छतांना पांढरा चुना. आपल्याकडेही आराखडे झालेत, कागदावर बरे आहेत. पण बांधकामावरच्या मजुराला बारा ते चार सुट्टी द्यायची तर त्या चार तासांची मजुरी कोण देणार, या प्रश्नापाशी सगळे आराखडे मुके होतात. व्यवसाय कराच्या वेळी कुणीतरी हाच प्रश्न धीटपणे विचारला होता आणि उत्तर पण दिलं होतं.

"पण हे केलं कुणी? अमेरिकेने, युरोपने, मग आम्ही का भोगायचं?" हा आक्षेप मला अगदी मान्य आहे. भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला चौदाच्या. भरपाई मागायलाच हवी, जोरात मागायला हवी. मात्र हा मुद्दा सगळ्यात जास्त कोण मांडतं तर ज्याच्या घरात तीन एसी, दोन गाड्या आणि वर्षातून एक परदेश ट्रिप आहे तो. म्हणजे सरासरी काढायला मराठवाड्यातला शेतमजूर पुढे करायचा आणि त्याच्या आडून आपला धूर सोडायचा. आणि दुसरं, भांडणाचा निकाल लागेपर्यंत पाऊस काही थांबणार नाहीये, पूररेषा आखायला किंवा दरडीखालची वाडी हलवायला वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही.

आणि खरं सांगू का, काळजी कशाला म्हणणाऱ्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास असतो असं मला वाटतच नाही. सांगलीत, कोल्हापुरात, चिपळुणात, नाहीतर मुंबईत कुर्ल्याला, यांच्यापैकी कुणीही फ्लॅट बघायला गेला की एजंटला सगळ्यात आधी काय विचारतो? "पाणी भरतं का इथे? २०१९ च्या पुरात कुठपर्यंत आलं होतं?" तळमजला नको म्हणतो, पार्किंग उंचावर आहे ना ते बघतो, जमलं तर शेजाऱ्याला गाठून खात्री करून घेतो. तळमजले काही म्हणून रिकामे राहत नाहीत, ते स्वस्तात जातात आणि ज्याला हे प्रश्न विचारणं परवडत नाही तो तिथे राहायला येतो.